लॅमिनेट फ्लोअरिंग घ्यावं का? घर खेड्यात, काळ्या मातीवर, उन्हाळाभर कूलर

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. घर हिंगणघाट तालुक्यात, खेड्यातच. जुनं कवेलूचं घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचं बांधलं. प्लास्टर झालं, खाली काँक्रीट झालं, आता फरशीपाशी येऊन काम थांबलं आहे. खाली हॉल (१४ × १८), स्वयंपाकघर, आईची खोली. वर दोन खोल्या, त्यातली मोठी १२ × १५.

लहान भाऊ पुण्याला राहतो. त्याच्या फ्लॅटमध्ये लाकडासारखं लॅमिनेट आहे. पोरगी सुट्टीत तिकडे जाऊन आली तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नागपूरच्या एका दुकानातून भाव आणला: ८ एमएम, एसी ३, फोम अन् फिटिंग धरून ११५ रुपये फूट. दुसरं १२ एमएमचं, त्याला तो वॉटरप्रूफ म्हणतो, १६५ रुपये. गावचा मिस्त्री म्हणतो कोटा टाका अन् मोकळे व्हा.

घरात दोन कूलर चालतात. दिवाळीनंतर कापूस काही दिवस हॉलमध्येच पडून असतो. जुन्या घरात वाळवी होती. कोणाकडे खेड्यात असं फ्लोअरिंग आहे का? टिकतं का?

कास्तकार_साधा

कापूस ठेवाच्या जागी लाकडी फरशी? पैसा जास्त झाला असंन तं ठिबक टाका भाऊ.

कपाशीवाला

ठिबक हाय जी. पोरगी ऐकत नाई.

वऱ्हाडी_पुण्यात

मूळचा दर्यापूरकडचा, आता पुण्यात. आमच्याकडे २०१६ पासून लॅमिनेट आहे, तिसऱ्या मजल्यावर. दोन पोरं त्यावर वाढली, तरी आजही ठीक दिसतं. म्हणून आधी त्याची बाजू मांडतो, कारण इथे लोक नाव ऐकूनच नको म्हणतात.

हे अख्खं लाकूड नसतं, प्लायवूडही नसतं. मध्ये एचडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू राळेसोबत दाबून केलेला घट्ट बोर्ड. त्यावर लाकडाच्या फोटोचा कागद, त्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर आणि त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण. घासणं-ओरखडणं तोच थर सोसतो. खाली आणखी एक थर असतो, बोर्ड वाकू नये म्हणून. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली हे काढलं. पुढे नव्वदच्या दशकात क्लिक-लॉक आलं, म्हणजे एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकवायची, आणि डिंक लावायची कटकट गेली.

एसी हा आकडा फक्त घासण्याचा आहे. चाचणीत घासणारं चाक फिरवतात. एसी ३ ला दोन हजार फेरे सोसावे लागतात, एसी ४ ला चार हजार. घरातल्या खोलीला एसी ३ पुरतं. पण तुमच्याकडे पायाला मुरूम लागून येणार, तेव्हा एसी ४ घ्या. भावात फार फरक नसतो. जाडी ८ एमएम पुष्कळ झाली. १२ एमएम पायाला भरीव लागतं, आवाज कमी येतो, बाकी आयुष्य वाढतं असं काही नाही.

सिव्हिल_अकोला

पुण्याचा तिसरा मजला आणि हिंगणघाटचा तळमजला यांची तुलनाच होत नाही. तिथे खाली दुसऱ्याचं घर आहे, कोरडं. इथे खाली जमीन आहे, आणि तीही काळी.

लॅमिनेटचा शत्रू पाणी हे सगळ्यांना माहीत आहे. पण लोक वरून सांडणाऱ्या पाण्याची काळजी करतात. ते पुसता येतं. खालून येणारं कोणाला दिसत नाही. जमिनीतला ओलावा भरावातून आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढतो. कोटा किंवा टाइल असेल तर तो सांध्यांतून हळूहळू उडून जातो, फार तर सांध्यावर पांढरा क्षार दिसतो. लॅमिनेटच्या खाली तो अडकतो आणि एचडीएफ तो पिऊन घेतो. एकदा फुगलेला एचडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. दुकानदाराचं वॉटरप्रूफ हे वरच्या अंगाचं असतं. सांध्यांना मेण किंवा सील असतं, सांडलेलं पाणी काही तास आत जात नाही. खालच्या ओलीला त्याचा काही इलाज नाही. वॉरंटी कार्ड मागा आणि मागची बाजू वाचा. जमिनीतला ओलावा आणि वाळवी बहुतेक वेळा तिथे वगळलेली असते.

आता तुमच्याकडून हे कळवा: जोतं किती उंच आहे? भराव कशाचा आहे? काँक्रीट कधी टाकलं? पायाच्या वर ओल-रोधक थर, म्हणजे डीपीसी, दिला आहे का?

कपाशीवाला

जोतं अडीच फूट. भराव मुरमाचा, पण खरं सांगतो, खालचा फूटभर पायाच्या खोदाईत निघालेली काळी मातीच आहे, मिस्त्रीनं तीच परत लोटली. काँक्रीट होळीच्या आधी झालं. डीपीसी आहे, बीमच आहे तिथे. वाळवीचं औषध पायात मारलं होतं, भरावावर मारलं नाही.

सिव्हिल_अकोला

काळी माती परत लोटली असेल तर माझं मत पक्कं झालं. तळमजल्यावर लॅमिनेट नको.

ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगांत हात जातो, ते तुम्हाला मी काय सांगायचं. तीच माती तुमच्या हॉलखाली फूटभर आहे. भिंती पायावर उभ्या आहेत, त्यांना काही होणार नाही. पण फरशीखालचं काँक्रीट नुसतं भरावावर टेकलेलं असतं. पावसाळ्यात ते मधून उचलतं, उन्हाळ्यात बसतं. म्हणूनच आपल्याकडच्या घरांत भिंतीलगत फरशी सुटलेली दिसते. याच मातीसाठी आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी सीएनएस थराची पद्धत मांडली: फुगणाऱ्या मातीवर न फुगणारी, चिकट, दाबलेली माती. चांगला दाबलेला मुरूम थोडंफार तेच काम करतो. आता खणून काढणं परवडणारं नाही, तेव्हा घराभोवती पाणी मुरू देऊ नका एवढं तरी करा. पागोळीचं पाणी पाइपाने लांब न्या, भिंतीलगत तीन-चार फुटांची उताराची फरसबंदी करा. न्हाणीचं पाणी भिंतीपाशी मुरतं का ते बघा.

लॅमिनेटला दोन मीटरच्या पट्टीखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खाचखळगा चालत नाही. त्याहून जास्त झाला की पायाखाली दबतं, कुरकुरतं आणि शेवटी लॉकची जीभ तुटते. ऋतूगणिक हलणाऱ्या जमिनीवर ही अट कोण पाळणार?

गोंदियावाला

आमच्या साडभाऊकडे हेच झालं, भंडाऱ्याकडे. धानाचा पट्टा, घराला लागून बांधी. तळमजल्याच्या हॉलमध्ये लॅमिनेट टाकलं, खाली नुसता फोम, प्लास्टिक नाही. दिवाळीत बसवलं, उन्हाळाभर झकास. पुढच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास प्रत्येक सांध्याची कड वर आली. दुकानदार म्हणे कूलरनं झालं. ऑगस्टमध्ये कोणता कूलर?

फरशीमिस्त्री

रामराम. मी यवतमाळले हेच काम करतो, टाइल, कोटा, लॅमिनेट सगळं. इंजिनियर साहेब बराबर सांगून राहिले, पण कूलरची गोष्ट हसून सोडू नका राजेहो. आपल्याकडे निम्मे कंप्लेंट कूलरचेच असते.

मे महिन्यात बाहेर हवा कोरडी खडंग. घरात कूलर लावला का खोली दमट. कूलर बंद केला, का पुन्हा कोरडी. बोर्ड दिवसातून दोनदा फुगाले-आकसाले पाहते. वरून कूलरची टाकी भरताना पाइप निसटते, नाहीतर पंपाची नळी सुटून पानी आत येते. खिडकीखालचे दोन फूट पट्टे कायम पहिले जाते. म्हणून लॅमिनेटच्या खोलीत कूलर बाहेर स्टँडवर पाहिजे, तोंडाशी थेंब पडत असंन तं खाली ट्रे, अन् समोरची खिडकी उघडी. खिडकी उघडी नसली तं कूलर गारवा देतच नाई, नुसता चिकचिकाट देते, हे तं सगळ्यांले माहीत हाय.

दुसरी गोष्ट भिंतीची. भिंतीपासून चारही बाजूनं ८ ते १० एमएम जागा सोडा लागते, ती स्कर्टिंगखाली लपते. नवीन पोट्टे काय करते, भिंतीले चिकटवून टाकते, साफ दिसते म्हणून. पावसाळ्यात बोर्ड वाढाले जागा नाई, मंग मधातून कुबड काढते. कुबड निघालं तं लगेच बोर्ड बदलू नका. पहिले स्कर्टिंग काढून भिंतीकडचं कापून पाहा, बहुतेकदा आपोआप बसते. दाराच्या चौकटीखाली पण तेवढीच फट लागते, तिथंच लोक विसरते.

तिसरी गोष्ट, कधी बसवाचं. मे महिन्यात बोर्ड सुकून लहान झालेला राहते. तेव्हा ठासून बसवला तं श्रावणात फुगन. भर पावसाळ्यात बसवला तं उन्हाळ्यात सांधे उघडे पडन. दसऱ्यानंतर बसवा, हवा मधातली राहते. डबे दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा, फोडू नका, मंग काम सुरू करा.

माहेर_वणी

सगळे भाऊ बांधकामाचं बोलताहेत, पुसायचं कोणी बोलत नाही. लॅमिनेटवर बादलीचा पोछा चालत नाही. फडकं घट्ट पिळून, जवळजवळ कोरडं करून पुसायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी फरशीवर पाणी शिंपडून, पुसून त्यावरच आडवं व्हायची सवय आहे. सासूबाई अजून तेच करतात, आणि त्या ऐकणार नाहीत. शिवाय लॅमिनेट पायाला गार लागतच नाही. हिवाळ्यात ते छान वाटेल, पण आपल्याकडे हिवाळा किती अन् उन्हाळा किती?

महालक्ष्म्यांची पंगत हॉलमध्ये बसते, आंबील सांडते, हात धुतलेलं पाणी सांडते. हळद-कुंकू, तेल मात्र लॅमिनेटवरून पटकन निघतं, हे मान्य. टाइलच्या सांध्यात गेलेली हळद काढून दाखवा.

कपाशीवाला भाऊ, आईंना विचारलं का? त्यांच्या खोलीत गुळगुळीत काही टाकू नका, पाय घसरला तर महागात पडेल.

कपाशीवाला

आईला विचारलं. ती म्हणते मले सारवलेलंच बरं होतं. म्हणजे तिचं मत मोजायचं की नाही ते समजेना.

सागवान_आलापल्ली

एक वेगळा विचार. लाकडाचीच हौस असेल तर फोटोचं लाकूड कशाला? आपल्याकडे खरं सागवान आहे, डेपोचं, लिलावात मिळतं. एका खोलीत सागाच्या पट्ट्या टाका. तीन-चार वेळा घासून पुन्हा पॉलिश करता येतं. लॅमिनेट एकदा घासलं गेलं की कागदच दिसतो, त्याला दुसरा जन्म नाही.

फरशीमिस्त्री

सागवान टाकाच पण भाव विचारून. मंग ठिबकवाला भाऊ आणखी बोलन.

वऱ्हाडी_पुण्यात

तळमजल्याला लॅमिनेट नको हे आता मलाही पटलं. पण एसपीसी का नको? त्यात लाकूड नसतं, चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी असतं. पाण्यानं फुगत नाही, वाळवी खात नाही, ४ ते ६ एमएम जाडी, बसवायची पद्धत तीच क्लिकची.

सिव्हिल_अकोला

पाणी आणि वाळवी, दोन्ही प्रश्न एसपीसीने सुटतात, बरोबर. जमीन हलण्याचा सुटत नाही. उलट पातळ असल्यामुळे त्याचं लॉक नाजूक असतं, खाली खळगा असला की लवकर तुटतं. पश्चिमेच्या मोठ्या काचेतून दुपारचं ऊन थेट पडत असेल तर तापून पसरतं, तिथे पडदा हवाच. आणि खाली ओल अडकून कुबट वास येतो तो वेगळाच. वरच्या मजल्याला दोन्ही चालतील, तेव्हा तिथे लॅमिनेट स्वस्त पडतं.

हलणाऱ्या जमिनीवर छोटा, जड, सुटा तुकडा बरा. कोटा तडकला तर तेवढाच बदलता येतो आणि पॉलिश करून पुन्हा नवा करता येतो. लाकडाचा लूक हवाच असेल तर २०० × १२०० मिलिमीटरच्या पट्ट्यांत व्हिट्रिफाइड टाइल मिळतात. पाणी शोषण ०.५ टक्क्यापेक्षा कमी, लाकडाच्या रेषांसारखी खरखरही असते, म्हणजे आईंच्या घसरण्याचा प्रश्नही हलका होतो. फक्त लांब पट्टीची टाइल जराशी वाकडी असतेच, म्हणून विटेसारखा अर्ध्यावर सांधा न घेता एक तृतीयांशावर घ्यायला सांगा, नाहीतर कडा वरखाली दिसतात. आणि तुमच्या भरावावर लांब पट्टी तडकण्याची शक्यता चौकोनी टाइलपेक्षा जास्त, हे धरून चाला.

गोंदियावाला

काँक्रीट वाळलं का ते पाहायची प्लास्टिकची टेस्ट सांगा ना यांना. वरच्या मजल्यालाही लागेल.

सिव्हिल_अकोला

दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा, रात्रभर ठेवा, कमीत कमी १६ तास. काढल्यावर आत थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर पडलं तर ओल आहे. काँक्रीटचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. क्युरिंगचे २८ दिवस ताकदीसाठी असतात, वाळण्यासाठी नाहीत.

तळमजल्यावर ही टेस्ट एप्रिल-मेमध्ये करून उपयोग नाही. तेव्हा सगळंच पास होतं. ऑगस्टमध्ये करा, जमीन भिजलेली असताना. दुकानदार हे सांगणार नाही, कारण तेव्हा त्याचा माल खपणार नाही.

वरचा स्लॅब मात्र खालून-वरून दोन्हीकडून वाळतो. होळीनंतर पावसाळा जाईपर्यंत तो नक्की वाळलेला असेल, फक्त गच्ची गळत नाही ना ते एका पावसाळ्यात पाहून घ्या. तरीही फोमखाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक टाकाच, जोडावर आठ इंच एकावर एक चढवून, टेप मारून.

कास्तकार_साधा

म्हणजे पोरगी वर, कापूस खाली. हे आधीच सांगितलं असतं.

कपाशीवाला

तेच ठरवून राहिलो जी. खाली हॉल अन् स्वयंपाकघर कोटा, आईच्या खोलीत खरखरीत टाइल, साधी दोन बाय दोनची. वरच्या मोठ्या खोलीत लॅमिनेट, दसऱ्यानंतर. कूलर बाहेर स्टँडवर घेतो. भरावावर वाळवीचं औषध आता मारता येईल का? आणि माल घेताना फसू नये म्हणून काय पाहायचं?

सिव्हिल_अकोला

मारता येतं. तयार घरासाठी वेगळी पद्धत आहे, वाळवीसाठीचं भारतीय मानक आयएस ६३१३, त्याचा तिसरा भाग. भिंतीलगत ठरावीक अंतरावर छिद्रं पाडून औषध सोडतात आणि छिद्रं बुजवतात. कोटा बसण्याआधी करा, नंतर फरशी फोडावी लागेल. लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, घरच्या फवारणी पंपाने नको, आणि विहीर-बोअर जवळ असेल तर त्याला आधीच सांगा.

फरशीमिस्त्री

माल पाहाचा तं डबा तोला. हो, काट्यावर तोला, कापसाचा काटा असंनच घरी. ८ एमएमच्या पट्ट्या साधारण १२१५ × १९५ च्या राहते, डब्यात आठ, म्हणजे वीस फुटाच्या वर थोडं. चांगला एचडीएफ घनमीटरले ८०० किलोच्या वर पाहिजे, म्हणजे असा डबा १३ किलोच्या आसपास भरते. साडेदहा-अकरा भरला तं आतला बोर्ड हलका हाय, नाव कोणतंही असो. पट्टी ८ एमएमचीच हाय ना तेही मोजून घ्या, लोक ७.५ ची खपवते.

मंग सँपलचा तुकडा मागा, कापलेल्या कडीची जाडी व्हर्नियरनं मोजा, रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी पुन्हा मोजा. दोन-तीन दुकानचे तुकडे एकाच बादलीत टाका, कोणाचा किती फुगला ते समोरच दिसते. लॉकची जीभ नखानं खरवडा, भुसा निघाला तं नको. ई१ लिहिलेलं पाहा, तो फॉर्मल्डिहाइडचा आकडा होय. आपल्याकडे उन्हात बंद खोली तापते, तेव्हा वास जास्त सुटते, म्हणून ते पाहाच लागते.

कपाशीवाला

१२ × १५ ला किती डबे लागतील? दुकानदार बारा म्हणतो.

फरशीमिस्त्री

१८० फूट, त्यावर दहा टक्के कटिंग, झाले १९८. वीस पूर्णांक चारनं भागा, दहाच्या आत येते. दहा घ्या, अन् एक जास्तीचा घेऊन पलंगाखाली सरकवा, त्याच बॅचचा. पुढं डिझाइन बंद होते, मंग एक पट्टी बदलाले अख्खं गाव फिरा लागते. बारा नको. एकाच दिशेनं, खिडकीच्या उजेडाच्या रेषेत टाका. ११५ मध्ये स्कर्टिंग अन् दाराची पट्टी धरली हाय का ते लिहून घ्या, जीएसटी पण. बहुतेक धरलेली नसते.

माहेर_वणी

दाराचं विसरलात. फोम धरून दहा-अकरा एमएम उंची वाढते. पल्ला आत उघडत असेल तर खालून घासेल.

फरशीमिस्त्री

बराबर, ताई. पल्ले अजून लावले नसंन तं सुताराले आताच सांगा, अर्धा इंच वर ठेव म्हणा. लावले असंन तं दसऱ्याले मी येतो तेव्हा कापून देतो, हिंगणघाट लांब नाई मले.

कपाशीवाला

पल्ले सुताराकडेच आहेत, उद्या फोन करतो. तुम्ही याच जी. पोरीला आता ऑक्टोबरपर्यंत थांबवायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं.